वरचा देश, खालचा देश

१४ जून

प्रिय ताई,

'साष्टांग नमस्कार' लिहायचा की नुसतंच 'प्रिय', यात एक कागद वाया गेला. अकरा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची, हे कुणी शिकवत नाही. तुझा पत्ता आईच्या वहीत सापडला. तू घर बदललं असशील, तर हे पत्र भलत्याच कुणाच्या हाती पडेल आणि त्या बिचाऱ्याला आपलं अक्षर पाहून वाटेल, कुणीतरी वेलबुट्टीचा नमुना पाठवलाय. तसं झालं तर झालं.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. एक तर तुझा नंबर नाही. दुसरं म्हणजे, फोनवर मी फार सराईतपणे खोटं बोलतो. कागदावर हात अडतो.

काम असं आहे, की आम्ही देश सोडायचं म्हणतोय. मी अजून कवळ्याच बनवतो. पण मालकांनी गेल्या वर्षी लॅबमध्ये यंत्र आणलं. ते दिवसाला बावीस कवळ्या काढतं, चहा मागत नाही, रजा मागत नाही. आम्ही सात कारागीर होतो, तिघं उरलो. मालक तोंडावर काही बोलत नाहीत, पण हल्ली ते मला 'अहो' म्हणायला लागलेत. वीस वर्षं 'अरे' म्हणणारा माणूस 'अहो' म्हणू लागला, की आपण आपलं समजून घ्यावं.

तर दोन देश डोळ्यांसमोर आहेत. एक तुझा आणि एक तुझ्या शेजारचा. घरात त्यांना वरचा आणि खालचा म्हणतात. नकाशात ते तसे आहेत म्हणून. आणि खरं सांगायचं तर बाबा तुझ्या देशाचं नाव तोंडातून काढत नाहीत म्हणून. जन्मभर भूगोल शिकवलेल्या मास्तरांनीच एका देशाचं नाव टाकलं म्हटल्यावर बाकीच्यांना काहीतरी सोय करावीच लागते.

खालच्या देशातल्या एका लॅबवाल्याने माझं काम फोटोत पाहिलं आणि 'कधी येताय?' एवढंच विचारलं. त्याला हाताने दात बसवणारा माणूस हवाय. वरचा देश मात्र माझं वीस वर्षांचं काम मानायला तयार नाही. तिथे वर्षभर प्लॅस्टरचे साचे ओतायचे, मग परीक्षा द्यायची, मग दाताला हात लावायचा. या वयात परीक्षा! मला शाळेतसुद्धा परीक्षेच्या दिवशी पोटात दुखायचं. तुला आठवत असेल, कारण तेव्हा तूच मला गेटापर्यंत ओढत न्यायचीस.

म्हणजे निवड सोपी आहे असं कुणालाही वाटेल. तरी तुला विचारतो. तू दोन्हीपैकी एक आतून पाहिलायस आणि दुसरा शेजारचा म्हणून ऐकला असशील. थंडी कुठे कमी? लोक कुठे बरे? शाळेत मुलांना ओरडतात का? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. आम्ही तिला ठकी म्हणतो, आणि ती नावाप्रमाणेच सगळ्यांना ठकवते. हिची तू फार काळजी करू नकोस, म्हणजे माझ्या बायकोची. ती दवाखान्यात रक्त काढायला असते. सुई टोचलेली कळत नाही इतका हात हलका. बोललेलं मात्र दोन दिवस ठणकतं.

बाबा ठीक आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांची कवळी मीच केलीय, पण ते ती फक्त भांडायचं असेल तेव्हा लावतात, एरवी खिशात. त्यामुळे सकाळी बाबा दात लावून खोलीबाहेर आले, की आम्ही तिघं पटापट आपापल्या कामाला लागतो.

एक सूचना. उत्तर लिहिलंस तर त्यात 'बघते' हा शब्द कुठे घालू नकोस. आमच्या घरात तो चालत नाही. ठकीसुद्धा 'पाहीन' म्हणते. लोकांना वाटतं, पोर किती शुद्ध बोलते. कारण मी कधीतरी सांगेन.

तुझा,
धाकटा


९ जुलै

ताई,

पत्र पोचलं नसावं, असं मी धरून चाललोय. ही म्हणते, पोचलंय. "मला अकरा वर्षांनी असलं हवापाण्याचं पत्र आलं असतं, तर मीही उत्तर दिलं नसतं," असंही म्हणते. म्हणून यात हवापाणी नाही.

ज्याच्याकडून आम्ही अर्ज करतोय, त्याला घरात कागदवाला म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली आहे. टेबलावर दोन फायली, खालच्याची हिरवी आणि वरच्याची निळी. तो सारखा हिरवीवर हात ठेवून बोलतो. गेल्या आठवड्यात मी आणि ही तिथे बसलो होतो. मी विचारलं, "आणि वडिलांचं?"

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. खालचा देश म्हाताऱ्या आईबापाला येऊ देतो, पण त्यांना मूल एकच असेल तर. दुसरं मूल जगाच्या पाठीवर कुठेही असलं, तरी नाही. वरचा देश म्हणतो, मुलं कितीही असोत, पण सगळी आमच्याकडेच हवीत. आणि त्यातलं जे आधीपासून इथे राहतं, त्याने सहीनिशी लिहून द्यावं, की हे माझे, यांची जबाबदारी माझी.

मग त्याने बाबांच्या पेन्शनचा कागद उघडला. अपत्ये, असा रकाना असतो. त्यात लिहिलं होतं: एक.

"मग प्रश्नच मिटला!" कागदवाला म्हणाला. "तुम्ही एकुलते एक. सगळे मिळून खाली जा."

मी मूग गिळून बसलो. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी बसलो. जिना उतरताना ती म्हणाली, "तुझी ताई कुठे गेली?"

"कागदावर नाहीये."

"कागदावर नाही म्हणजे जगात नाही का?"

"तसं नाही, पण—"

"तुझं 'पण' तू घरी जाऊन बोल," असं म्हणून ती एकटीच बसमध्ये चढली. मी चालत आलो.

तो 'एक' बाबांच्या हातचा आहे. आई गेली त्या वर्षी पेन्शनचे कागद नवे करून घेतले, तेव्हाचा. मला माहीत होतं. कागद मीच जमा करून आलो होतो. रांगेत उभा असताना रकाना वाचला आणि काही न बोलता खिडकीतून आत सरकवला. त्या वेळी मनाला सांगितलं, राग आहे, उतरेल, मग दुरुस्त करू. अकरा वर्षांत आम्ही गळका नळ चारदा दुरुस्त केला, पण ते राहून गेलं.

तर आता असं आहे, ताई. खाली जायचं तर तू नाहीस असं मी लिहून द्यायचं. वर जायचं तर आम्ही आहोत असं तू लिहून द्यायचं. पहिल्याला माझी एक सही पुरते आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याला तुझी सही लागते, आणि ती मागायला मला तोंड नाही.

आणि एकदा खाली 'एक' लिहून गेलो, की ते कायमचं. पुढे कधी तू नदी ओलांडून भेटायला आलीस, तर कोण म्हणून येणार? ठकीला मी काय सांगणार, शेजारच्या बाई आल्यात म्हणून?

बाबांना न नेता जायचं, हा तिसरा मार्ग कागदवाल्याने सुचवला. हिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने लगेच पंख्याचा वेग वाढवला.

खालच्या लॅबवाल्याला ऑगस्टअखेर उत्तर द्यायचंय. बाबांना विचारलं, कुठला देश आवडेल? म्हणाले, "खालचा बरा. हवा कोरडी." पण ठकीकडून त्यांनी वरच्या देशाच्या साती नद्या उगमापासून पाठ करून घेतल्यात. खालच्याच्या अजून एकही नाही. ती म्हणते, आजोबा नदीचं नाव घेतात, पण ती कुठल्या देशात वाहते ते सांगत नाहीत.

धाकटा


२८ जुलै

ताई,

तुझं कार्ड आलं. मी ते लॅबमध्ये वाचलं, मग घरी येऊन वाचलं, मग हिने वाचलं.

थंडी नऊ महिने. शाळेत ओरडत नाहीत. लोक बरे, पण आधी बोलणार नाहीत. इतकं मोजकं तू आधी लिहायची नाहीस. तुझी पत्रं म्हणजे कागद संपला की कडेकडेने आडव्या ओळी. कार्डाच्या खाली मात्र थोडी जागा उरली होती, तिथे तू लिहिलंस: 'बाबांना न्यायचंय, तर मला कशाला विचारतोस? त्यांना मुलगी नाही ना? आईच्या वेळी मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मी फोन केला, तर ते फोनवर आले नाहीत. मग आता माझी सही कशी चालेल?'

चालेल का, ते तू ठरव. पण आधी एक गोष्ट वाच. बसून वाच.

आई शेवटच्या तीन आठवड्यांत होती तेव्हाची. दुपारची वेळ होती, बाबा औषधं आणायला गेले होते. मी आईची उशी नीट करत होतो. तिने मनगट धरलं. म्हणाली, "ताईला कळवू नकोस."

मी म्हटलं, "असं कसं?"

"तिचे कागद व्हायचेत. आत्ता ती निघाली तर तिला परत घेणार नाहीत. दोन वर्षं लोकांच्या म्हाताऱ्यांची उठबस करून काढलीत तिने. ती ऐकणार नाही, येईल. म्हणून कळवूच नकोस. नंतर सांग."

"आणि बाबा?"

"त्यांना मी सांगते," ती म्हणाली. आणि सांगायचं राहिलं. गुरुवारी ती गेली.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "ताईला कळवलंस?"

मी 'नाही' म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. आई नुकतीच गेली होती. तिने तुझ्यासाठी बाबांनाही बाजूला ठेवलं, हे मला त्यांना सांगवेना. म्हणजे असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मी घाबरलो. मी म्हटलं, "हो, कळवलं."

"काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

बास. एवढंच. मला वाटलं, हा सगळ्यात निरुपद्रवी शब्द आहे. यात हो नाही, नाही नाही. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण बाबा दोन दिवस थांबले, ताई. सगळे म्हणत होते, आता उरकून घ्या. ते म्हणायचे, "ती बघते म्हणालीय." दाराशी गाडी वाजली की उठायचे. तिसऱ्या दिवशी उठले नाहीत.

त्यानंतर घरात कुणीही 'बघतो' म्हटलं, की ते म्हणायचे, "हां, बघा बघा. तीही बघते म्हणाली होती." नळवाला म्हणाला, उद्या बघतो, तर त्याला दारातून परत पाठवला. हिला लग्न होऊन आल्यावर महिनाभर कळेना, की आपण काय चुकतोय.

तुला मी पंधरा दिवसांनी कळवलं. तू विचारलंस, आत्ता सांगतोस? मी म्हटलं, गडबडीत राहिलं. आईने सांगितलं होतं म्हणून, एवढं वाक्य मला बोलता आलं असतं. पण मग तू बाबांना सांगितलं असतंस, आणि माझं 'बघते' उघडं पडलं असतं. तू फोन केलास तेव्हा ते खोलीतच होते. मी म्हटलं, "ताईचा आहे." ते म्हणाले, "आता काय बघायचं उरलंय?" आणि उठून गेले. तुला मी सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही.

म्हणजे तुझ्याकडे मी त्यांना वाईट केलं आणि त्यांच्याकडे तुला. आणि मी मधे बसून दोघांचा गुणी मुलगा. तुम्ही दोघं भांडला असता तर बरं झालं असतं, तुम्हाला दोघांनाही ते छान जमतं. मी तुम्हाला भांडूसुद्धा दिलं नाही.

मला माफ कर, असं लिहायला घेतलं होतं. पण ते मागायच्या आधी बाबांना सांगायला हवं. ते मी अजून केलेलं नाही. हे पत्र आधी टाकतो, म्हणजे मग मागे फिरता येणार नाही.

तुझी फार आठवण येते. हे अकरा वर्षांत एकदाही लिहिलं नाही, म्हणून आज लिहितो.

धाकटा


१९ ऑगस्ट

ताई,

सांगितलं.

कसं सांगितलं, ते ऐकून तू मला भित्रा म्हणशील. म्हण. कुठल्याही देशात गेलो तरी तिकडे बाबांच्या तोंडाला लगेच हात लावायला मिळेल न मिळेल, म्हणून निघायच्या आधी त्यांची नवी कवळी करायची होती. सुट्टीच्या दिवशी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेलो. कुणी नव्हतं. खुर्चीत बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला, मापाचा गुलाबी लगदा कालवून तोंडात बसवला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही, हलता येत नाही. मी म्हटलं, "तीन मिनिटं, बाबा."

आणि बोलायला लागलो.

आईची उशी, मनगट, कागद, सगळं. मी त्यांच्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून बोलत होतो. 'बघते'पाशी आलो तेव्हा पाहावंच लागलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले होते. डोळ्यांतून पाणी येऊन कानांत जात होतं आणि मला ते पुसायचं धाडस होत नव्हतं. मी म्हटलं, "ती असं काही म्हणाली नव्हती, बाबा. तिला माहीतच नव्हतं. तो शब्द माझा आहे."

मग साचा काढला. त्यांनी चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. मी उभा. शेवटी म्हणाले, "आईने सांगितलं होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं तिने?"

ते टॉवेल सोडून, घडी करून, खुर्चीवर ठेवून चालत घरी गेले. मी मागून वीस पावलांवर. रस्ता ओलांडताना त्यांनी मागे न बघता हात केला, गाडी येतेय, थांब म्हणून. मी थांबलो. सवय हो. रागातसुद्धा सुटत नाही.

साचा मात्र इतका स्वच्छ आलाय, की तसा मला आजवर कुणाचा मिळाला नव्हता. ते जराही हलले नव्हते.

मग आठ दिवस अबोला. माझ्याशीच, बाकी सगळ्यांशी व्यवस्थित. ठकीमार्फत निरोप: "आजोबा म्हणतात, मिठाचा डबा इकडे सरकवा." नवव्या दिवशी ते दात लावून बाहेर आले. मी मान खाली घालून बसलो, म्हटलं आता होऊन जाऊ दे. पण त्यांनी हिला हाक मारली. "सूनबाई, अर्धा दिवस रजा काढ. पेन्शन कचेरीत जायचंय."

पुढचं मला हिने सांगितलं. ट्रंकेतून त्यांनी तुझ्या जन्माचा दाखला काढला, शाळा सोडल्याचा दाखला काढला, आणि काही गरज नसताना तुझं चौथीचं प्रगतिपुस्तकही घेतलं. खिडकीतल्या बाई कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "आजोबा, अकरा वर्षांनी मुलगी कुठून काढलीत?"

"काढली नाही. लिहायची राहिली होती."

"राहिली कशी?"

"रागात होतो."

"तिच्यावर?"

"हो. पण तिचा संबंध नव्हता."

बाई म्हणाल्या, दुरुस्ती झाली की पुन्हा बदलता येणार नाही हं, नीट विचार करा. बाबा म्हणाले, "विचार झालाय. तुम्ही शिक्का मारा."

ही म्हणते, शिक्का वाजला तेव्हा ते जरा दचकले.

आता अपत्ये दोन आहेत, ताई. म्हणजे खालचा देश संपला. कागदवाल्याने कपाळाला हात लावला आणि हिरवी फाइल खणात टाकली. लॅबवाल्याला मी नकार लिहिला. त्याचं चांगलं, सभ्य उत्तर आलं, वाचून वाईट वाटलं. निळ्या फायलीतला अर्ज या पत्रासोबत आहे. तुझी सही लागते ते पान मी वर ठेवलंय. तू सही केलीस तर आम्ही चौघं येऊ आणि मी साचे ओतेन. नाही केलीस तर आम्ही इथेच राहू, आणि मालक 'अहो' म्हणतील तितके दिवस काढू. बाबांना सोडून कुठेही जायचं नाही, हे आमचं ठरलंय. तुझ्यावर दडपण नाही, असं लिहिणार होतो, पण आता खोटं बंद. दडपण आहे.

काल संध्याकाळी बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"तीन मिनिटं म्हणालास. पाच घेतलीस."

मी म्हटलं, "चुकलं."

"तिला लिहिलंस सगळं?"

"हो."

"काय म्हणाली?"

तोच प्रश्न. तसाच, माझ्याकडे न बघता विचारलेला. या वेळी जे होतं तेच सांगितलं. म्हटलं, "अजून काही म्हणाली नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली.

धाकटा


२६ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं जाड पाकीट आलं. पोस्टमनने सही घेतली आणि मी ते दारातच फोडलं.

मला लिहिलेल्या तुझ्या दोन ओळी: 'तुझ्याशी माझं भांडण बाकी आहे. ते समोरासमोर करायचंय, म्हणून ये.' मी त्या हिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "हीच खरी नणंद." भांडण मान्य आहे. तू हवं तितकं बोल, मी मधे 'पण' म्हणणार नाही.

बाबांसाठी तू वेगळं पाकीट घातलंस, चिकटवून. ते त्यांनी अजून कुणाला दाखवलेलं नाही. ठकीने विचारलं, आत्याने काय लिहिलंय? म्हणाले, "कडेकडेने पण लिहिलंय." एवढंच कळलं आम्हाला. मला त्यावरून बरंच कळलं.

आता अर्जाबद्दल. सही आहे, तारीख आहे, पत्ता ठसठशीत अक्षरांत. एकच रकाना तू कोरा सोडलास: अर्जदाराशी नातं. तू विसरलीस असं म्हणावं, तर तू विसरणारी नाहीस. मी पेन घेतलं, पुन्हा ठेवलं. तो रकाना भरणारा मी कोण? अर्ज बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "ताईने एवढं तुमच्यावर सोडलंय."

त्यांनी चष्मा पुसला. अर्ज सरळ केला. खिडकीजवळ नेला, परत आणला. मला म्हणाले, "तू जा, तुझं काम नसेल तर." मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा पाकीट बंद करून, वर कागदवाल्याचं नाव घालून तयार होतं. मी ते तसंच त्याच्याकडे पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदवाल्याचा फोन. "अहो, हे काय लिहिलंय तुमच्या वडिलांनी? एक तर आपल्या लिपीत. आणि हे नातं त्यांच्या यादीतच नाही. यादीत फक्त मुलगा, मुलगी, पती, पत्नी. हा अर्ज जाणार नाही. नवा भरा, ताईंची सही पुन्हा आणा. तीन आठवडे गेले फुकट."

मी जाऊन पाहिलं. मी जन्मल्यापासून ते तुला ज्या नावाने हाक मारायचे, आणि गेली अकरा वर्षं जो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही, तो त्यांनी त्या रकान्यात लिहिला होता. मास्तरांच्या वळणदार अक्षरात, रेघेच्या बाहेर जराही न जाता: थोरली.

घरी येऊन मी त्यांना म्हटलं, "बाबा, तिथे 'मुलगी' लिहायचं होतं."

"मुलगी तर लोकांनाही असते," ते म्हणाले. "मला दोन मुलं आहेत. त्यातली ती कोण, हे त्यांना कळायला नको?"



तर ताई, नवा अर्ज सोबत जोडलाय. पुन्हा सही कर. या वेळी नात्याच्या रकान्यात तूच 'मुलगी' लिहून टाक, त्यांच्या यादीतलं, त्यांच्या लिपीत. तीन आठवडे उशीर होईल, होऊ दे. बाबांनी बिघडवलेला अर्जही याच पाकिटात घातलाय. कचेरीच्या तो काही कामाचा नाही.

तुझा,
धाकटा